बेरीज कुठे चुकते? पॉवर बीआयच्या परीक्षेबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच परीक्षेबद्दल आहेत. मायक्रोसॉफ्टची पीएल-३००, म्हणजे ‘पॉवर बीआय डेटा अ‍ॅनालिस्ट असोसिएट’ या प्रमाणपत्राची परीक्षा. पॉवर बीआय हे डेटातून अहवाल आणि आलेख करण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, तीच इथे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. आठ वर्षं एका सूतगिरणीच्या हिशेब विभागात काम करते. एक्सेलमध्ये व्ही-लुकअप आणि पिव्हट रोज वापरते, पण प्रोग्रामिंग येत नाही. ही परीक्षा जमेल का? किती दिवस लागतील? (सांगली)

जमेल. या परीक्षेला प्रोग्रामिंगपेक्षा हिशेबाची जाण जास्त लागते. चुकलेला आकडा पाहताक्षणी ‘हे बरोबर नाही’ असं ज्याला वाटतं, त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

परीक्षा १०० मिनिटांची. प्रश्न साधारण ४० ते ६०. १००० पैकी ७०० गुण मिळाले की उत्तीर्ण, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत : डेटा तयार करणं, मॉडेल बांधणं, आलेख आणि विश्लेषण, आणि शेवटी व्यवस्थापन व सुरक्षा. पहिल्या तिघांना प्रत्येकी २५ ते ३० टक्के वजन, चौथ्याला १५ ते २० टक्के.

नोकरी सांभाळून रोज दीड तास दिला तर आठ ते दहा आठवडे धरा. पहिले तीन आठवडे फक्त पॉवर क्वेरी, म्हणजे डेटा आणून साफ करण्याचा भाग. पुढचे चार मॉडेल (टेबलं आणि त्यांच्यातली नाती) आणि डॅक्स (हिशेबाची सूत्रं लिहायची भाषा). दोन आठवडे आलेख आणि पॉवर बीआय सर्व्हिस, म्हणजे अहवाल इंटरनेटवर ठेवून इतरांना देण्याची जागा. शेवटचा आठवडा सराव परीक्षांचा. मायक्रोसॉफ्ट लर्न या त्यांच्या शिकवणीच्या संकेतस्थळावर पीएल-३०० ची सराव चाचणी फुकट आहे आणि ती कितीही वेळा देता येते.

पॉवर बीआय डेस्कटॉप, म्हणजे संगणकावर बसवायचा प्रोग्राम, फुकट आहे, पण ते फक्त विंडोजवर चालतं. मॅक असेल तर त्यात आभासी विंडोज बसवावं लागेल. ८ जीबी रॅम असलेला लॅपटॉप अभ्यासाला पुरतो.

तुमच्यासारख्या एक्सेलमध्ये मुरलेल्या माणसांना एक सवय मोडावी लागते. व्ही-लुकअप लावून सगळ्या गोष्टी एकाच लांबरुंद शीटमध्ये ओढून आणायच्या, ही ती सवय. पॉवर बीआयमध्ये उलट करायचं असतं : व्यवहारांचं टेबल वेगळं, ग्राहकांचं वेगळं, मालाचं वेगळं, तारखांचं वेगळं, आणि त्यांच्यात नाती. पहिले पंधरा दिवस हे अंगावर येईल. तरी सगळं एका शीटमध्ये कोंबण्याचा मोह टाळा, कारण परीक्षेतला मॉडेलचा सगळा भाग याच एका गोष्टीवर उभा आहे.

आणि सरावाला स्वतःचा डेटा घ्या. डेस्कटॉपमध्ये ‘फायनान्शियल्स’ नावाचा नमुना आयताच मिळतो, पहिल्या दोन दिवसांना तो ठीक. पण तो फार सोवळा आहे. चुका त्यात नाहीत, आणि परीक्षा विचारते ती चुकांबद्दल. दोन-तीन वर्षांची विक्रीची किंवा खरेदीची यादी घ्या, ग्राहकांची खरी नावं काढून तिथे कोड घाला, मग कामाला लागा. ऑफिसचा डेटा असेल तर आधी परवानगी घ्या.

प्रश्न : आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून निघालेली सीएसव्ही फाइल पॉवर बीआयमध्ये घेतली की काही तारखांना ‘एरर’ येतो आणि महिन्यांची विक्री जुळत नाही. क्लासमधल्या फाइलला असं कधी झालं नाही. (जळगाव)

तुमची फाइल १३/०४/२०२५ असं लिहिते, म्हणजे आधी दिवस, मग महिना. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर पॉवर क्वेरी आधी महिना वाचते. तेरावा महिना नसतो, म्हणून एरर.

दिसणाऱ्या एररची चिंता कमी करा. खरा धोका न दिसणाऱ्या चुकांचा आहे. ०५/०४/२०२५ ही ५ एप्रिलची विक्री निमूटपणे ४ मेमध्ये जाऊन बसते, कुठेही लाल खूण येत नाही. हिशेब करून पाहा : वर्षातल्या १४४ तारखांचा दिवस १२ किंवा त्याहून कमी असतो. त्यांपैकी ०१/०१, ०२/०२ अशा १२ तारखा उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. म्हणजे ३६५ पैकी २२१ तारखांना एरर येईल आणि १३२ तारखा गुपचूप चुकतील. एरर आलेल्या ओळी ‘रिमूव्ह एरर्स’ने काढून टाकल्या की उरलेला अहवाल स्वच्छ दिसतो आणि जवळजवळ पूर्ण चुकीचा असतो.

दुरुस्ती अशी. उजवीकडच्या ‘अप्लाइड स्टेप्स’मध्ये पॉवर क्वेरीने आपोआप टाकलेली ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी आधी काढा. ती तशीच ठेवून खाली नवी पायरी घातली तर बिघडलेल्या तारखेवरच पुन्हा काम होतं. मग स्तंभाच्या शीर्षकावर उजवं बटण, ‘चेंज टाइप’, त्यात सर्वांत खाली ‘युझिंग लोकेल’. प्रकार ‘डेट’, लोकेल ‘इंग्लिश (इंडिया)’. सगळ्याच फाइली अशा असतील तर ‘ऑप्शन्स’मध्ये ‘करंट फाइल’खालच्या ‘रीजनल सेटिंग्ज’मध्ये एकदाच बदल करा.

नंतर तपासा. ‘व्ह्यू’मध्ये ‘कॉलम प्रोफाइल’ चालू केलं की सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी तारीख दिसते. पण इथेही एक खोच आहे : हे चित्र मुळात फक्त पहिल्या १००० ओळींचं असतं. खिडकीच्या तळाशी डावीकडे तसं लिहिलेलं असतं, तिथे क्लिक करून ‘एन्टायर डेटा सेट’ निवडा. परीक्षेत हा प्रश्न ‘कॉलम क्वालिटी १०० टक्के ठीक दाखवते, तरी रिफ्रेशला (डेटा नव्याने भरताना) एरर येतो, का?’ अशा रूपात येऊ शकतो. उत्तर तेच : एरर १००१ व्या ओळीनंतर आहे.

प्रश्न : ग्राहकांच्या टेबलातून ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ केलं, तरी नातं जोडताना पॉवर बीआय म्हणतं की त्यात एकच ग्राहक-कोड दोनदा आहे आणि ‘मेनी टू मेनी’ (दोन्ही टेबलांत एकच कोड अनेकदा चालेल असं) नातं सुचवतं. (नागपूर)

पॉवर क्वेरीला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक कळतो, मॉडेलच्या इंजिनाला, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या भागाला, कळत नाही. एका ठिकाणी कोड कॅपिटलमध्ये आणि दुसऱ्या ठिकाणी स्मॉलमध्ये असेल, तर पॉवर क्वेरीच्या लेखी ते दोन ग्राहक. दोन्ही ठेवले जातात. मॉडेलमध्ये गेल्यावर ते एकच होतात, म्हणून डुप्लिकेट. शब्दाच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेचंही तसंच : पॉवर क्वेरी ती मोजते, इंजिन मोजत नाही.

क्रम पाळा. आधी ‘ट्रिम’, मग ‘अपरकेस’, मग ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’. व्यवहारांच्या टेबलातल्या कोडवरही पहिल्या दोन पायऱ्या करा, नाहीतर पॉवर क्वेरीतलं ‘मर्ज’ करताना जोड्या जुळणार नाहीत.

‘मेनी टू मेनी’ला ‘ओके’ म्हणून पुढे जाऊ नका. नातं जुळतं, आकडे दिसतात, आणि तो मूळ दोष झाकला जातो. दोन्ही दिशांनी फिल्टर चालू करण्याचंही तसंच. परीक्षेत पर्याय म्हणून ‘क्रॉस फिल्टर डिरेक्शन : बोथ’ वारंवार समोर येतो. प्रश्नात त्याची स्पष्ट गरज सांगितलेली नसेल तर तो सोडा.

प्रश्न : ‘सम’ आणि ‘समएक्स’ यांतला फरक व्याख्या वाचून कळत नाही. ‘कॅल्क्युलेट’ लिहिलं की आकडे का बदलतात तेही उमगत नाही. डॅक्सला घाबरून परीक्षा दोनदा पुढे ढकलली. (सोलापूर)

चादरींची तीन बिलं घ्या. सोलापूरच्या ग्राहकाला १० चादरी, दर ५०० रुपये. नाशिकच्या ग्राहकाला ४, दर ८००. पुण्याच्या ग्राहकाला ६, दर ६००. तोंडी हिशेब : ५,००० अधिक ३,२०० अधिक ३,६००, म्हणजे ११,८०० रुपये.

आता पॉवर बीआयमध्ये एक मेझर, म्हणजे डॅक्समधलं हिशेबाचं सूत्र, लिहा : नगांची बेरीज गुणिले दराची सरासरी. मॅट्रिक्समध्ये (पिव्हटसारख्या तक्त्यात) शहर घेऊन हे मेझर टाका. सोलापूरपुढे ५,०००, नाशिकपुढे ३,२००, पुण्यापुढे ३,६००. तिन्ही बरोबर. आणि खाली ‘टोटल’ला १२,६६७.

इथे थांबा आणि हा आकडा नीट पाहा, कारण डॅक्सचं मर्म यात आहे. टोटलची ओळ वरच्या ओळींची बेरीज करत नाही. मॅट्रिक्समधला प्रत्येक आकडा, टोटलसकट, स्वतंत्रपणे मोजला जातो. नाशिकच्या ओळीत इंजिनासमोर एकच बिल असतं, म्हणून सरासरी दर म्हणजेच खरा दर. टोटलच्या ओळीत समोर तिन्ही बिलं असतात : नग २०, सरासरी दर ६३३.३३, गुणाकार १२,६६६.६७. सूत्र सगळीकडे तेच आहे. बदललं ते समोर असलेल्या ओळींचं टोळकं. या टोळक्यालाच ‘फिल्टर कॉन्टेक्स्ट’ म्हणतात.

‘समएक्स’ काय करतं? समोर असलेल्या बिलांवरून एकेक करून जातं, प्रत्येक बिलाचे नग गुणिले दर काढतं आणि शेवटी बेरीज घेतं. टोटल ११,८०० येते. एका ओळीवर उभं राहून हिशेब करण्याला ‘रो कॉन्टेक्स्ट’ म्हणतात. ‘सम’ एका तयार स्तंभाची बेरीज करतं, ‘समएक्स’ आधी प्रत्येक ओळीवर हिशेब करतं. नावाच्या शेवटी एक्स असलेली ‘अ‍ॅव्हरेजएक्स’, ‘मॅक्सएक्स’ ही फंक्शनं याच वळणाची.

आता ‘कॅल्क्युलेट’. बरोबर निघालेल्या मेझरला ‘विक्री’ म्हणू. दुसरं मेझर लिहा : कॅल्क्युलेट, विक्री, शहर बरोबर नाशिक. मॅट्रिक्समध्ये टाकलं की सोलापूरपुढे ३,२००, नाशिकपुढे ३,२००, पुण्यापुढेही ३,२००. बिघाड नाही हा. सोलापूरच्या ओळीने शहरावर ‘सोलापूर’ असा फिल्टर लावला होता, कॅल्क्युलेटने तो काढून तिथे ‘नाशिक’ लावला. त्याच स्तंभावरचा जुना फिल्टर बदलणं हा कॅल्क्युलेटचा स्वभाव आहे. जुना ठेवून नवा वर लावायचा असेल तर अटीभोवती ‘कीपफिल्टर्स’ घाला. मग नाशिकच्या ओळीत आणि टोटलमध्ये ३,२०० राहतात, बाकी दोन ओळी रिकाम्या होतात.

याच स्वभावाचा उपयोग टक्केवारीला होतो. भाजकात कॅल्क्युलेटने विक्री घ्या आणि शहरांवर ‘ऑल’ लावा, म्हणजे भाजक सगळीकडे ११,८०० राहतो. सोलापूर ४२.४ टक्के, नाशिक २७.१, पुणे ३०.५. आता स्लायसरमध्ये (अहवालावरच्या निवडीच्या चौकटीत) फक्त सोलापूर आणि नाशिक निवडा. टोटल ६९.५ टक्के दिसेल, कारण ‘ऑल’ने स्लायसरचा फिल्टरही उडवला. निवडलेल्या दोन शहरांतला वाटा हवा असेल तर ‘ऑलसिलेक्टेड’ : सोलापूर ६१ टक्के, नाशिक ३९, टोटल १००. ‘ऑल’ की ‘ऑलसिलेक्टेड’ हे प्रश्नातल्या एका वाक्यावर ठरतं : वापरणाऱ्याने केलेली निवड मानायची की नाही.

भागाकारासाठी ‘डिव्हाइड’ वापरा. भाजक शून्य असेल तर ते रिकामं सोडतं, तिरक्या रेषेने केलेला भागाकार ‘इन्फिनिटी’ (अनंत) दाखवतो.

सरावाची पद्धत एकच सांगतो. प्रत्येक नवं मेझर लिहिण्याआधी मॅट्रिक्समधल्या तीन जागा निवडा : एक साधी ओळ, एक रिकामी येऊ शकेल अशी ओळ आणि टोटल. तिन्ही ठिकाणी काय यायला हवं ते कागदावर हाताने काढा. मगच सूत्र लिहा. रोज दोन मेझर असं केलं तर महिन्याभरात साठ होतात आणि डॅक्सची भीती जाते. परीक्षेला कॅल्क्युलेट, फिल्टर, ऑल-कुटुंब, एक्सवाली फंक्शनं, काळाची पाच-सहा फंक्शनं आणि ‘व्हेरिएबल’ एवढं पक्कं लागतं. अडीचशे फंक्शनं पाठ करायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

प्रश्न : आमचं वर्ष एप्रिल ते मार्च. पॉवर बीआय सगळं जानेवारीपासून धरतं. आणि गेल्या वर्षीचा आकडा कधी येतो, कधी रिकामा राहतो. (नाशिक)

दोन्हींचं उत्तर तारखांच्या वेगळ्या टेबलात आहे. ‘कॅलेंडर’ फंक्शनने १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२६ असं टेबल करा. एकही दिवस गाळलेला नको, एकही दोनदा नको, आणि वर्षं पूर्ण हवीत. ‘मार्क अ‍ॅज डेट टेबल’ करा. ‘ऑटो डेट/टाइम’ बंद करा, नाहीतर प्रत्येक तारखेच्या स्तंभामागे एकेक लपलेलं टेबल तयार होतं आणि फाइल फुगते.

आर्थिक वर्षाचा चढता आकडा ‘टोटलवायटीडी’ देतं. त्याला शेवटी वर्षाअखेर म्हणून ३१ मार्च सांगावं लागतं. सांगितलं नाही तर ते ३१ डिसेंबर धरतं. आर्थिक महिन्याचा क्रमांक असा काढा : महिन्याच्या आकड्यात ८ मिळवा, १२ ने भागून बाकी घ्या, त्यात १ मिळवा. एप्रिलला १, मार्चला १२.

मग महिन्याच्या नावाचा स्तंभ निवडून ‘सॉर्ट बाय कॉलम’मध्ये हा क्रमांक द्या. आपल्याकडे ही चूक उशिरा लक्षात येते, कारण इंग्रजी वर्णक्रमातही एप्रिलच पहिला. आलेखाची सुरुवात बरोबर दिसते म्हणून नजर पुढे जात नाही. दुसरा महिना ऑगस्ट आणि तिसरा डिसेंबर असतो. स्तंभात नावाबरोबर वर्षही असेल तर क्रमांकातही वर्ष हवं. एका नावाला दोन क्रमांक झाले तर सॉर्ट नाकारलं जातं.

गेल्या वर्षीचा आकडा रिकामा राहण्याची कारणं बहुधा दोन. एक, तारखांच्या टेबलात मागचं वर्षच नाही. दुसरं जास्त छळतं : विक्रीच्या तारखेला वेळ चिकटलेली असते. बिल १४:३५ ला झालं, तारखांच्या टेबलात मात्र त्या दिवसाचे ००:०० आहेत. दोन्ही जुळत नाहीत आणि विक्री ‘ब्लँक’ नावाच्या ओळीत जमा होते. मॉडेलमध्ये फॉरमॅट बदलून वेळ नुसती नजरेआड होते, जात नाही. पॉवर क्वेरीत प्रकार ‘डेट’ करा.

ऑर्डरची तारीख आणि माल पाठवल्याची तारीख अशा दोन तारखा असतील तर दोन नाती करा. एका वेळी एकच चालू राहतं, दुसरं तुटक रेषेने दिसतं. ते हवं तेव्हा कॅल्क्युलेटच्या आत ‘युझरिलेशनशिप’ने जागं करायचं.

प्रश्न : जीमेलने पॉवर बीआय सर्व्हिसमध्ये खातं उघडत नाही. कंपनी नाही, कॉलेज संपलं. मग शेवटच्या भागाचा अभ्यास कसा करू? (पणजी)

सर्व्हिसला ऑफिस किंवा शिक्षणसंस्थेचं खातं लागतं, वैयक्तिक ईमेल चालत नाही. कॉलेजने मायक्रोसॉफ्ट ३६५ चं खातं दिलं असेल तर ते अजून चालू आहे का पाहा. ते नसेल तर ओळखीच्या एखाद्या छोट्या उद्योगाकडे ३६५ असेल, त्यांच्या परवानगीने एक खातं मिळवा. खातं मिळालं की ‘प्रो’ या सशुल्क परवान्याची ६० दिवसांची चाचणी (ट्रायल) चालू करता येते. ती अभ्यासाच्या पहिल्या दिवशी चालू करून वाया घालवू नका, शेवटच्या महिन्यात करा.

तोवर बरंच काही डेस्कटॉपवरच होतं. ओळीनिहाय सुरक्षा, म्हणजे आरएलएस, तिथेच लिहायची आणि ‘व्ह्यू अ‍ॅज’ने तपासायची. भूमिका डेस्कटॉपमध्ये तयार होते, त्या भूमिकेत माणसं मात्र सर्व्हिसमध्ये घालावी लागतात.

या भागातले नियम थोडे आहेत, पण काटेकोर आहेत. वर्कस्पेसमध्ये (सर्व्हिसमधल्या अहवालांच्या सामाईक जागेत) चार दर्जे : अ‍ॅडमिन, मेंबर, काँट्रिब्युटर, व्ह्यूअर. आरएलएसचं बंधन फक्त व्ह्यूअरला लागू होतं. पुण्याच्या मॅनेजरला फक्त पुण्याची विक्री दिसायला हवी, पण त्याला काँट्रिब्युटर केलं असेल तर त्याला सगळं राज्य दिसेल, सूत्र कितीही अचूक असो. ‘आरएलएस लावलं तरी सगळा डेटा दिसतो, का?’ या प्रश्नाचं हे उत्तर.

कार्यालयातल्या संगणकावरची एक्सेल फाइल किंवा तिथला एसक्यूएल सर्व्हर असेल तर रिफ्रेशला गेटवे, म्हणजे तिथला डेटा सर्व्हिसपर्यंत पोचवणारा प्रोग्राम, लागतो. शेअरपॉइंट ऑनलाइनवरच्या फाइलला लागत नाही. प्रोमध्ये दिवसाला ८ वेळा रिफ्रेश, प्रीमियम क्षमतेवर ४८ वेळा. लागोपाठ चारदा फसलं की ठरलेलं रिफ्रेश बंद पडतं. प्रोमध्ये एका मॉडेलची मर्यादा १ जीबी. डॅशबोर्ड फक्त सर्व्हिसमध्ये तयार होतो. ‘पब्लिश टू वेब’ म्हणजे लॉगिनशिवाय जगाला खुलं, त्यामुळे प्रश्नात ‘गोपनीय’ हा शब्द दिसला की तो पर्याय बाद. आणि अनेक पर्यायांनी काम होत असेल तर कमीत कमी अधिकार देणारा निवडा, तसं प्रश्नात लिहिलेलंच असतं.

प्रश्न : शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी कळतं, पण लांबलचक प्रश्न वाचायला वेळ लागतो. परीक्षा मराठीत आहे का? परीक्षेत पुस्तक उघडता येतं असं ऐकलं, ते खरं का? (लातूर)

मराठीत नाही, हिंदीतही नाही. पण तुमच्या भाषेत परीक्षा उपलब्ध नसेल तर ३० मिनिटं वाढवून मागता येतात. हा अर्ज नोंदणीच्या आधी करून मंजूर व्हावा लागतो. आधी तारीख घेतली आणि मग मागितला तर त्या परीक्षेला लागू होत नाही. आपल्याकडची बरीच मुलं ही सोय माहीत नसल्यामुळे घेत नाहीत. घ्या. तुमच्या हक्काची आहे.

पुस्तकाबद्दल ऐकलं ते अर्धं खरं. परीक्षा चालू असताना त्याच पडद्यावर अर्ध्या भागात मायक्रोसॉफ्ट लर्न उघडता येतं. सराव चाचण्या आणि प्रश्नोत्तरांचा भाग त्यात बंद असतो, आणि घड्याळ थांबत नाही. एखाद्या फंक्शनची मांडणी आठवत नसेल, दिवसाला रिफ्रेश आठ की अठ्ठेचाळीस असा गोंधळ असेल, तर जरूर पाहा. विषयच नवा असेल तर तिथे शिकत बसू नका. १०० मिनिटांत ५० प्रश्न धरले तर एकाला दोन मिनिटं येतात. घरी असताना लर्नवर शोधण्याचाही सराव करा, कोणता शब्द टाकला की नेमकं पान वर येतं ते ठरलेलं असावं.

लांब प्रश्न वाचताना शेवटचं वाक्य आधी वाचा, मग पर्याय, मग वरची हकिगत. पर्याय माहीत असले की हकिगतीतलं काय महत्त्वाचं ते दिसायला लागतं.

प्रश्न : ६६२ गुण मिळाले. दोन-चार प्रश्नांनी गेलं असावं. लगेच परत बसू का? (ठाणे)

नियमाने २४ तासांनंतर बसता येतं. दुसऱ्यांदा गेलं तर पुढच्या प्रत्येक प्रयत्नाआधी १४ दिवस थांबावं लागतं, १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ प्रयत्न, आणि दर वेळी शुल्क नव्याने. पण उद्याच बसू नका. हे गुण मोजपट्टीवर बसवलेले असतात, ६६२ म्हणजे ६६.२ टक्के नव्हे, त्यामुळे ‘दोन-चार प्रश्नांनी’ हा अंदाज भरवशाचा नाही.

गुणपत्रकावर भागनिहाय पट्ट्या आहेत. सर्वांत आखूड पट्टी कुठली ते पाहा आणि तीन आठवडे फक्त त्या भागाला द्या. कोणते प्रश्न अडले ते विषयापुरतं आजच लिहून काढा, चार दिवसांनी आठवणार नाही. ते स्वतःपाशी ठेवा, प्रश्न इतरांना सांगायला परीक्षेच्या करारात मनाई आहे.

वेळ कुठे गेला तेही तपासा. केस स्टडीचा भाग सोडून पुढे गेलं की मागे येता येत नाही. ‘या उपायाने उद्दिष्ट साधतं का, हो की नाही’ अशा ओळीने येणाऱ्या प्रश्नांनाही परत येता येत नाही. मध्ये विश्रांती घेतली तर आधी पाहिलेले प्रश्न बंद होतात आणि घड्याळ चालूच राहतं. हे आधी अनुभवायला मायक्रोसॉफ्टचा ‘एक्झाम सँडबॉक्स’ फुकट आहे, प्रश्नांचे सगळे प्रकार त्यात हाताळता येतात.

काही क्लास ‘खऱ्या प्रश्नांचा संच’ विकतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. तो नियमभंग आहे, प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय त्यातली बरीच उत्तरं चुकीची किंवा जुनी असतात, कारण अभ्यासक्रम अधूनमधून बदलतो. २०२२ पूर्वी ही परीक्षा डीए-१०० होती, तेव्हाचंही साहित्य अजून नवं म्हणून खपवलं जातं.

प्रश्न : घरून द्यावी की केंद्रावर? लग्नानंतर आडनाव बदललं आहे, त्याने काही अडेल का? (बदलापूर)

घरात एक बंद खोली, स्थिर इंटरनेट आणि दोन तास कोणी दार उघडणार नाही याची खात्री असेल तर घरून. यातलं एकही डळमळीत असेल तर ही परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीच्या केंद्रावर. घरून देताना टेबल पूर्ण रिकामं हवं, दुसरा मॉनिटर आणि हेडफोन चालत नाहीत, कच्च्या कामाला कागद मिळत नाही, पडद्यावरची पाटी वापरावी लागते. प्रश्न पुटपुटत वाचण्याची सवय असेल तर ती आत्तापासून मोडा, निरीक्षक तेवढ्यावरून हटकतात. ज्या लॅपटॉपवर देणार त्याच लॅपटॉपवर, त्याच जागी, त्याच वेळेला आदल्या दिवशी यंत्रणा तपासून घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपमधली सुरक्षेची सॉफ्टवेअरं परीक्षेचा प्रोग्राम अडवतात, शक्य असेल तर घरचा वापरा. अर्धा तास आधी हजेरीला बसा.

नावाने नक्की अडू शकतं. लर्नच्या प्रोफाइलमध्ये कायदेशीर नाव लिहिलेलं असतं, ते त्या दिवशी दाखवणार असलेल्या मूळ ओळखपत्राशी जुळायला हवं. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं, असं असेल तर आधी ओळखपत्र ठरवा, मग प्रोफाइलमध्ये तसंच नाव करा, आणि त्यानंतरच तारीख घ्या.

प्रश्न : प्रमाणपत्र किती वर्षं चालतं? (दुबई)

एक वर्ष. संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत लर्नवर नूतनीकरणाची छोटी चाचणी खुली होते. ती फुकट असते, निरीक्षक नसतो, घरी बसून संदर्भ पाहत देता येते. पहिल्यांदा जमली नाही तर लगेच परत देता येते, त्यानंतर मात्र दर वेळी २४ तास थांबावं लागतं. उत्तीर्ण झालात की मुदत एक वर्षाने वाढते. शेवटची तारीख उलटून गेली तर ही सोय बंद होते आणि पूर्ण शुल्क भरून पीएल-३०० पुन्हा द्यावी लागते. सूचना ज्या ईमेलवर येते तो नोकरी बदलल्यावर बंद पडणारा ऑफिसचा ईमेल असेल, तर प्रोफाइलमध्ये आजच तुमचा वैयक्तिक ईमेल जोडून ठेवा.